नाव ठेवताना

पाच दिवसांत नोंदवायचं, असा कायदा.
आज चौथा.
नाव ठेवायला बसलो
आणि सगळे नावंच ठेवत राहिले.
ओर्तांस म्हणजे शिंक आल्यासारखं,
फिलोमेन कुठल्याशा मठातली,
आणि सिदोनी?
"डांबरगोळ्यांचा वास येतो त्याला,"
सासूबाई म्हणाल्या, चीज कापता कापता.

मला ती सापडली ज्युराच्या एका जुन्या बाजारात,
दुधाच्या कॅनच्या बुडाशी,
खिळ्याने कोरलेली.
त्यातला एन उलटा.
आठ युरोला घेतला कॅन. आता त्यात छत्र्या असतात.

सातव्या महिन्यात, पोट सांभाळत,
दफनभूमीतले दगड वाचले मी
बर्फ झाडून.
नव्हती.
एवढंच कळतं, की लिहायला नुकतीच शिकली असावी
आणि कॅन कुणी पळवेल
अशी भीती असावी तिला.

काल मध्यरात्री बाळ रडलं.
गास्पार उठला अंधारात, चष्म्याशिवाय,
छत्र्यांना अडखळला. केवढा खणखणाट!
"सिदोनी, अगं सिदोनी," पुटपुटला.
कॅनला की पाळण्याला,
मला नीट कळलं नाही.
रडणं मात्र थांबलं.

उद्या नगरपालिकेत जाईल तो.
चिठ्ठीवर लिहून दिलंय मी,
एन सुलटा करून.