जानेवारीची माणसं

ते जानेवारीत यायचे.
त्यांच्याकडे तेव्हा बर्फ असायचा
आणि आमच्याकडे पतंग.

फतेगंजच्या आश्रमात मेकवानबेन आदल्या रात्रीच बजावायच्या:
पाहुण्यांच्या केसांना हात लावायचा नाही.
आम्ही लावायचो.
मक्याच्या कणसाला असतात तसे केस,
उत्तरायणाच्या मांज्याने दुसऱ्याच दिवशी कापलेली बोटं,
आणि गच्चीवरून आमच्याबरोबर ओरडणं, काप्यो छे,
कोणाचा कापला ते न कळता.

त्यांना काम हवं असायचं.
उवा, शेंबूड, रात्री ओली झालेली अंथरुणं
ही बारमाही कामं, ती मोठ्या मुलींकडे.
तीन आठवड्यांत पुरं होईल असं काम एकच,
जेवणघराची भिंत.

एका साली नोहाचं तारू.
जिराफांशेजारी विश्वामित्रीतली मगर
आम्ही हट्टाने काढायला लावली.
एलिशा म्हणाला, मगर बुडतच नाही, तिला तारू कशाला?
ब्रश धरलेला उंच माणूस हसला,
न समजताच हसला, पण पोटातून.

पुढच्या साली तारवावर चुना,
चुन्यावर आमचे पंजे, निळे, पिवळे, खाली नावं.
माझ्या सलोमीचं सोलोमन झालं.
मी गप्प राहिले.
तसंही स्टेशनवर सापडले तेव्हा
मराठीत रडत होते म्हणून मी मराठी,
बाकीची मी बायबलातून काढलेली.

मग इंद्रधनुष्य. मग गुलाबी ढग. मग मी मोजणं सोडलं.

फेब्रुवारी लागला की बस यायची.
ते रडायचे, खूप रडायचे,
आम्हाला कवटाळून, चष्मे काढून.
आम्ही त्यांना पाणी आणून द्यायचो.

हानेका तेवढी भिंतीकडे फिरकली नाही.
पंज्यांच्या साली कांजिण्यांची साथ होती.
ती अकरा रात्री एलिशाजवळ बसली,
कडुलिंबाच्या डहाळीने वारा घालत
आपल्याच भाषेत काही पुटपुटत.
आम्हाला वाटलं, प्रार्थना.
ती फोड मोजत होती.

एलिशा आता रिक्षा चालवतो.
सुटे पैसे परत देताना अजून म्हणतो,
एन, त्वे, द्री.
गिऱ्हाईक विचारतं, ही कुठली भाषा?
तो म्हणतो, माहीत नाही,
तापातली आहे.

मी कुठे गेलेच नाही.
रात्रपाळीची मावशी झाले, किल्ल्या माझ्या कमरेला.

गेल्या जानेवारीत एक म्हातारा आला, एकटाच,
गुडघ्याने अधू. भिंतीसमोर उभा राहून
दोन्ही हातांनी होडी करून दाखवली.
मी स्वयंपाकघरातून उलथनं आणलं.
खरवडत गेले: पांढरा, गुलाबी,
जांभळ्याची एक कमान,
कोणाचं तरी निळं बोट, माझं नसावं,
आणि चुन्याखालून हिरवी, दातेरी शेपटी.
तो हसला. तेच हसणं, पोटातून, मग खोकला.
हवेत हात धरून विचारलं, एवढासा होता तो पोरगा?
मी एलिशाला फोन लावला.
त्यानेच त्याला स्टेशनवर सोडलं,
वाटेत सेव-उसळ खाऊ घातली, तिखट, मुद्दाम.
भाडं घेतलं का, मी विचारलं नाही.

यंदा तिघी आल्यात, विशीतल्या.
पहिल्याच सकाळी विचारलं, कुठली भिंत?
मगरीच्या शेपटीवर हात फिरवत
मी म्हटलं, भिंत राहू दे,
आणि तिघींच्या हातात बारीक दातांच्या फण्या दिल्या.
पायरीवर उन्हात बसल्यात आता,
प्रत्येकीच्या गुडघ्यांत एक डोकं.
एकीला लिखा दिसतच नाहीत, तिला दाखवावं लागतं.

तिने माझं नाव विचारलं.
सांगितलं,
या वेळी एकेक अक्षर सुटं करून.