अंगठा

इनास मेस्तांनी पहिल्या दिवशी सूर ऐकलाच नाही.
माझा डावा अंगठा उलटसुलट करून बघितला
आणि विचारलं, 'काजीत किती वर्सां?'
बावीस, म्हटलं.
'दिसता.'

बावीस वर्षं या अंगठ्याने गर दाबून धरलाय,
दुसऱ्या हातातली सुरी साल काढते तोवर.
अख्ख्याचा भाव वेगळा, पाकळीचा वेगळा,
कणीचा विचारू नका.
तोच आता व्हायोलिनच्या मानेला लावलाय
आणि मान तो अशी आवळतो
की जणू ती घरंगळून टेबलाखाली जाईल
आणि संध्याकाळी वजनात कमी भरेल.

'सोड गो. पळान जावचा नाय तां.'

व्हायोलिन भावाचं. तो मस्कतला गेला,
पहिली दोन वर्षं फोनवर विचारायचा, ठीक आहे ना ते,
मग विचारेनासा झाला.
पेटीत राळेचा एक खडा होता, चिंचोक्याएवढा उरलेला,
आणि एक गज, टोकाला वाळवी शिवून गेलेला.

अर्धा तास वाजवलं की खांदा.
खांद्यापासून कानामागे एक तार ताणली जायची,
पाचवी, जिला खुंटी नाही.
मला वाटायचं, दुखतंय म्हणजे शिकतेय.
कारखान्यात तरी असंच शिकले होते.

मेस्त म्हणाले, आठ दिवस वाजवायचं नाही.
खुर्चीत बसायचं. जुना टॉवेल घडी करून खांद्यावर,
त्यावर ते, त्यावर हनुवटी.
टेकवायची, चावायचं नाही.
डावा हात सोडून द्यायचा, लोंबू दे.
आता श्वास.
घेतलंस?
नाय घेतलंस.

खरंच घेतला नव्हता.

शेजारची आग्नेल कुंपणावरून डोकावली,
'कायतरी वाजव गो!'
म्हटलं, वाजवतेच आहे.

गजाचं निराळंच. तो मी सुरीसारखा धरायची.
मेस्तांनी माझ्या कोपराखाली दोन बोटं टेकवली,
उभादांड्याला होडी किनाऱ्याला लागताना
शेवटी वल्हं नुसतं पाण्याला लावून ठेवतात, तशी.
जोर देऊ नको, वजन दे.
फरक काय, मी विचारलं.
'जोर लावचो लागता. वजन असताच.'

त्यांची स्वतःची बोटं आता नीट मिटत नाहीत.
कधी वाजवायचे, कुठे, मी विचारलं नाही.
भिंतीवर एक रिकामी पेटी लटकते,
तिच्यात लाइटबिलं.

श्रावणात खुंट्या फुगून अडल्या,
गजाचे केस दमटून लोंबले.
मी कुरकुरले तर म्हणाले,
'लाकूडसुद्धा श्वास घेता हंय. तूच घेणस नाय.'

मग एका गुरुवारी, टेबलावर, साडेअकराच्या सुमाराला
अंगठा आपोआप सुटला.
गर बोटांत नुसता होता,
आणि साल कांद्याच्या पापुद्र्यासारखं निघालं,
एकाच वळणात, न तुटता.
मी दचकले. पुन्हा आवळला.
गर दुभंगला.
सातार्डेकरीण बघत होतीच,
'पाकळी तुझ्या नावावर,' म्हणाली.

मला हसूच आलं. काय सांगणार तिला.

रात्री आता मागल्या पडवीत बसते.
बोटं ठेवत नाही, मोकळी तार, नुसता गज.
समुद्रातल्या खडकावरचा दिवा फिरतो,
त्याचे उजेड मोजायचे,
गज टोकापर्यंत जाईतो किती पडले.
सुरुवातीला दोन. मग बरेच दिवस तीनच.
खांदा अजून दुखतो, पण जरा खाली सरकून,
सुताराच्या पाठीसारखा, कामाचा.

काल पाच झाले.
सहाव्याला गज थरथरला, आवाज खरवडला,
आग्नेलचा कुत्रा भुंकला,
मी थांबले, आणि मग आठवलं
अंगठ्याकडे बघायचं राहिलंच.