उजवीकडून तिसरी

ऑस्मोनं आधी दहा बोटं दाखवली, मग पाच.
हातमोज्यांतली बोटं, म्हणून किंमत जरा जाडच वाटली.
एका स्पीकरची जाळी मांजरानं ओरबाडलेली,
दुसऱ्याच्या डोक्यावर कुंडीचा गोल डाग.
पावरोटीएवढी दोन खोकी.
"यातून काय वाजणार, शिट्टी?" इर्मेली म्हणाली,
आणि तरी पाकीट काढलं.
तुर्कूत जानेवारीत चारलाच अंधारतं.
अंधारात माणूस काहीही विकत घेतो.

चोवीस वर्षं ती गोदीत जहाजांचे पत्रे जोडते आहे,
दिवसभर कानांत बोळे, बोळ्यांवर टोपी.
घरी होता तो स्वयंपाकघरातला रेडिओ,
ज्याच्यात बातम्या आणि व्हायोलिन
एकाच चोंदलेल्या नाकातून बोलायची.

फडताळात जागा नव्हती.
ज्ञानकोशाचा चौथा आणि नववा खंड पलंगाखाली गेले.
त्या अक्षरांचं आता घरात कुणालाच काही माहीत नसेल,
चालेल.
तार जुन्या टेबललॅम्पची.

पहिल्यांदा लावलं तेव्हा
गाणारी बाई खोलीत कुठेच नव्हती.
थोडी छतात, थोडी भिंतीत,
जत्रेत चुकल्यासारखी.
जोडण्या इर्मेलीला कळतात.
वाकली, पाहिलं,
डाव्या खोक्याची लाल नि काळी उलटी लागलेली.
अदलाबदल केली

आणि बाई आली.
सरळ येऊन उभी राहिली मधोमध,
घड्याळ आणि जिरॅनियमच्या मध्ये,
जिथे नुसता वॉलपेपर आहे.
गाण्याआधी तिचे ओठ विलग झाले, तेही ऐकू आलं.
इर्मेली उठून खोक्यांच्या मागे डोकावून आली.
काही नाही. लाकूड, धूळ, लॅम्पची तार.
हसली, एकटीच, मोठ्यानं,
दुकानदारानं चुकून जास्त सुटे पैसे परत दिल्यासारखी.

मग त्या रात्री सगळंच बाहेर निघालं.
अ‍ॅकॉर्डियनचा भाता धापा टाकतो.
बासवाल्याची खुर्ची कुरकुरते.
कुणीतरी शेवटच्या सुरानंतर पाय हलवतो.
तीस वर्षं ओळखीच्या रेकॉर्डी,
पहिल्यांदा चष्मा लागल्यावर नातेवाईक दिसावेत तशा,
सुरकुत्यांसकट.

शेवटी ती कॅसेट.
एकोणनव्वद साल, चर्च, त्यांचं गायकवृंद,
रेडिओच्या माणसानं दोन मायक्रोफोन लावून केलेली.
तिसऱ्या कडव्याआधी सगळे श्वास धरून थांबतात
आणि तिथेच एक पान उलटतं. खर्र.
हेल्वीनं उलटलं होतं.
सगळ्यांना माहीत होतं.
इर्मेलीनंच सांगितलं होतं सगळ्यांना.

हेल्वी डावीकडे असायची, उंच सुरांत.
पान उजवीकडे उलटलं.

तारा तपासल्या. बरोबर होत्या.
कॅसेट मागे घेतली.
उजवीकडेच. खालच्या सुरांच्या रांगेत,
टोकापासून तिसरी जागा,
आणि पानापाठोपाठ एक बारीक नाक ओढणं,
जे इर्मेली आत्ताही,
कॅसेट थांबवताना, ओढते आहे.

रात्री अकराला औलूला फोन लावला.
"हेल्वी, ते पान मी उलटलं होतं."
पलीकडे बराच वेळ काही नाही.
मग बशीवर कप ठेवल्याचा आवाज.
"माहीत होतं ग मला. माझ्या हातात कागदच नव्हता,
मला पाठ होतं."
आणि जरा थांबून,
"पण तुला आज कसं कळलं?"

इर्मेलीनं खोक्यांचं सांगितलं. मांजराचं, कुंडीचं,
भिंतीतून बाहेर आलेल्या बाईचं.
किंमतही सांगितली.
"एकाचे पंधरा?"
"दोन्हींचे."
"खोटं बोलतेस,"
हेल्वी म्हणाली, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा
तिचा आवाज चढला.