पान एकशे बारा

हत्तुरे मॅडमचा प्रबंध माझ्याकडे टाइप करायला आला
त्या दिवशी अशोक चौकात लाइट तीनदा गेली.
पानाला अठरा रुपये. तळटीप असली तर वीस.
विषय: इटलीच्या दक्षिण टोकाला
ग्रीक आणि रोमान्स बोली शेजारी राहिल्या,
त्यातून व्याकरण कसं बदललं.

मी बोटांनी वाचतो.
डोळे नुसते काने-मात्रे बघतात.
तरी एकशे बाराव्या पानावर बोटं थांबली.

तिथं लिहिलं होतं, त्या लोकांनी ग्रीक सोडली.
बाजारात लाज वाटायची, पोरांना शिकवली नाही.
पण नव्या बोलीत त्यांना
'मला जायचंय' असं सरळ म्हणता येईना.
'मला हवंय की मी जातो', म्हणत राहिले.
'त्याला हवंय की तो खातो.'
शब्द सगळे रोमान्स,
वीण तेवढी मागची.

('वीण' माझा शब्द. मॅडमनी 'संरचना' लिहिलंय.
मी तसंच ठेवलं.)

अम्मा विड्या वळायची.
तिच्या मराठीत पुरुष तेवढे 'आला' म्हणून येत.
बाकी बायका, म्हशी, पाऊस, पगार,
सगळे एकाच दारातून आत:
पाणी आलं. बस आलं. अक्का आलं.
तेलुगूत ते बरोबरच होतं.
मी वहीत लिहिलं, 'आई कारखान्यातून आलं.'
देगावकर बाई म्हणाल्या,
'आलं चहात घालतात रे, चिट्याल.'
वर्ग हसला. मीही हसलो,
सगळ्यांच्यापेक्षा थोडा उशिरा.

घरी येऊन अम्माला शिकवलं.
आली म्हण. अक्का आली. बस आली.
सुपातली पानं कातरता कातरता ती 'बरं' म्हणाली.
त्यानंतर माझ्यासमोर
ती क्रियापदच टाळायची.
'अक्का... दारात.'
'ताप... तुझ्या बहिणीला.'
अशी किती वर्षं वाक्यं अर्धी सोडली तिनं,
याला कुठल्या प्रकरणात टाकतात
मला माहीत नाही.

सिव्हिलमध्ये वॉर्डबॉयनं विचारलं, पेशंटजवळ कोण?
मी म्हणालो, 'अम्मा गेलं.'
त्यानं सुधारलं नाही.
तोही गेंट्याल चौकाकडचाच होता.

मॅडम शनिवारी आल्या.
'काय करलालास? येते म्हणून सांगितलेवते की.'
पुण्याचा माणूस 'येते असं' म्हणाला असता.
त्यांचं 'म्हणून' अक्कलकोट रोडवरून आलेलं,
कन्नडचं बोट धरून.
प्रबंधात त्यांनी ते कुठंच घेतलेलं नाही.
इटली तीनशे सात पानं,
आपण शून्य.

आपण की आम्ही?
आमच्यात मनं वेगळं, मेमु वेगळं.
ऐकणाऱ्याला धरून एक, वगळून एक.
मराठीतही दोन आहेत.
मॅडमच्या घरी एकच, नावू,
त्यात कोण कोण बसलंय ते बघून ओळखायचं.

ऋणनिर्देशात शेवटच्या ओळीत माझं नाव होतं,
'श्री. चिट्टल यांचे आम्ही आभारी आहोत.'
चिट्टलचं चिट्याल मी न विचारता केलं.
'आम्ही'बद्दल विचारलं,
एकट्याच तर आहात, मॅडम?
'प्रबंधात असंच लिहितात,' त्या म्हणाल्या.
मग चष्मा काढून पुसला, आणि
'तुला काय लिहावं वाटतं?'
मला काही सुचलं नाही.
प्रिंटर तेवढा गरम होऊन वास मारत होता.

बिल केलं.
त्यांनी बोटांवर हिशोब केला, दोनदा केला.
'एक पान कमी लावलायस, एकशे बारा.
का रे?'

मी म्हणालो,
'ते टाइप करताना, मॅडम,
लाइट गेलं होतं.'