कळ

पुलावर माझं काम असं: घंटा, फाटक, मग कळ.
दोन पात्यांचा जुना पूल. लोखंड आधी कुरकुरतं,
मग पाती आपोआप वर जातात.
जोर लावून पूल उघडत नाही.
मागचं ओझं खाली येतं, तेव्हा उघडतो.
अकरा वर्षं रोज बघतेय.

तरी दर गुरुवारी शाळेच्या व्यायामशाळेत
निळ्या गाद्यांवर आम्ही सातजणी, सात पोटं,
आणि शिकवणारी म्हणायची,
वेदना म्हणू नका, लाट म्हणा.
मी फ्रीसलँडची. कालव्याकाठी जन्मले,
पाण्याकडे बघत बसायचा पगार घेते.
लाट कधी माझ्या माकडहाडाला चावलेली नाही.

तयारी म्हणजे एक खोकं. पोस्टानं आलं:
मेणकापड, कापूस, स्पिरिट, नाळेचा चिमटा.
राइंडरनं पलंग बिअरच्या क्रेटांवर चढवला,
सुईणीची कंबर मोडू नये म्हणून.
शेकायच्या पत्र्याच्या बाटल्या भरून उलट्या टांगल्या.
एक गळली. त्या रात्री तो झोपला नाही.
आई म्हणाली, तुझ्या वेळी मी ही चौकट चावले होते,
बघ, दातांचे ठसे.
ठसे कुत्र्याचे होते. मी काही बोलले नाही.

मंगळवारी, रेडिओवर वाऱ्याचा इशारा चालू असताना, पहिली.
कुणी कमरेभोवती दोर ओढून गाठ मारावी तशी.

यिल्दाऊ सायकलवर आली, नाकाला थेंब.
हात आधी हीटरवर धरले, मग माझ्या पोटावर.
"चार बोटं," म्हणाली, आणि विणकाम काढलं.
त्या सुयांचा मला इतका राग आला.

टेबलाची कड. न्हाणीघरातली गार फरशी.
राइंडरच्या मुठी कमरेत, खाली, अजून खाली,
तिथे नाही!
मधल्या दोन मिनिटांत मी चक्क झोपायचे.
एकदा स्वप्नात कोबी चिरत होते,
आणि तो कोबी संपू नये असं वाटत होतं.

पहाटे माझं सगळं शौर्य संपलं.
म्हटलं दवाखाना. म्हटलं इंजेक्शन.
म्हटलं हे मूल तुम्हीच ठेवून घ्या, मी घरी जाते.
मी घरातच होते.
यिल्दाऊनं ओळ पुरी केली, टाके मोजले.
"हेच ऐकायला थांबले होते," म्हणाली,
आणि सुया पिशवीत ठेवल्या.

मग ओझं खाली आलं.

मी जोर केला नाही, जोर माझ्यातून गेला.
आवाज आला तो गोठ्यातला होता.
जळणारं एक कडं, आणि मी त्या कड्याएवढीच.
"हात लाव," ती म्हणाली.
बोटांना लागलं: ओलं, सुरकुतलेलं, केस.

तेवढ्यात बाहेर भोंगा. तीनदा.
नऊ वाजले होते, पुलाशी कुणी येऊन थांबलं होतं.
राइंडर खिडकीतून ओरडला,
"थांबा हो, इथं आधीच एकजण अडलंय!"

निळसर, मेणचट, संतापलेली.
नाळ अजून उडत होती. "तिला आपली आपण थांबू दे."
बाई मोकळी झाली म्हणतात.
मला वाटलं होतं, मोकळी म्हणजे रिकामी.

नंतर वार. नंतर दोन टाके;
त्या टाक्यांना मी अजून माफ केलेलं नाही.
कडक टोस्टवर लोणी, वर गुलाबी बडीशेप. चार खाल्ले.

राइंडर खाली गेला. पहिल्यांदाच त्याच्या हातात कळ.
घंटा विसरला.
लोखंड कुरकुरलं,

आणि माझ्या छातीवर ती झोपेतच दचकली.
दोन्ही हात हळूहळू वर उघडले,
बोटं ताठ,
खालून कुणाची तरी होडी गेली,
मग मिटले.