तिसरा गियर

बॅटरी रात्री घरात झोपते,
चुलीपासून दोन हात लांब, जुन्या स्वेटरवर.
लेक म्हणते, आई, तिला पांघरूण घाल की.
हसू नका. याकुत्स्कला जानेवारीत
सकाळी सहाला उणे बावन्न असतं
आणि अंगणात माझी झिगुली
जाड गोधडीत गुंडाळून
आजारी गाईसारखी उभी असते.

पहिला किलोमीटर चाकं चौकोनी असतात.
खरंच. रात्रभर एका जागी बसून
टायर खालून चपटे गोठतात,
गाडी धप धप धप करत निघते
जणू जिना उतरतेय.
स्टिअरिंग जात्यासारखं ओढायचं, दोन्ही हातांनी.
मग हळूहळू रबराला आठवतं
की आपण गोल होतो.

लेना नदीवर उतरताना पट्टा सोडायचा.
बर्फाने दगा दिला तर दार हाताशी हवं.
मामा शिकवायचा,
"नदीवर देवाचं नाव घे कुन्नेय,
पण हात कडीवर ठेव."
काठावर आलाजीचा तुकडा टाकते,
मामा टाकायचा म्हणून.
नदी खाते की कावळा,
वळून बघत नाही.

आता गाव्रीलचं सांगते.
दोन उन्हाळ्यांपूर्वी त्याने मला उराल विकली,
हिरवी, साइडकारवाली.
"एका मास्तरांची आहे," म्हणाला,
"मासे आणण्यापुरती वापरायचे."
आठवड्यात तिसरा गियर निसटायला लागला.
गियरबॉक्स उघडला तर आत भुसा!
लाकडाचा भुसा, ग्रीसमध्ये कालवलेला,
दातांची कुरकुर दाबायला.
फोन केला. उचलला नाही.
तेव्हापासून शिव्या साठवत होते,
साखा भाषेतल्या, रशियन,
आणि दोन तर मी स्वतः घडवल्या होत्या.

त्या सकाळी नदीच्या मधोमध, धुक्यात,
एक गाडी उभी. बॉनेट वर.
आत डोकं घातलेला माणूस.
मी थांबले. इथे थांबतातच.
हा कायदा कुठे लिहिलेला नाही,
लिहायला शाई पातळ राहत नाही.

त्याने मान काढली. पापण्या पांढऱ्या,
तरी ओळखला.
त्यानेही मला.
शिव्या सगळ्या जिभेवर आल्या,
पण उणे बावन्नात तोंड उघडलं
की आधी दात कळवळतात.
म्हटलं, "दोर आहे?"
"होता. तुटला."

माझा काढला. काठीसारखा ताठ.
काखेत धरून थोडा नरम केला.
त्याची बोटं वळेनात,
म्हणून दोन्हीकडच्या गाठी मीच मारल्या,
घट्ट, जरा रागाने.

पलीकडच्या बेस्त्याखपर्यंत ओढलं त्याला,
सगळी वाट दुसऱ्या गियरमध्ये.
आरशात त्याचे दिवे
इतके पिवळे, इतके खाली मान घातलेले,
की वाटलं माफी मागतोय.
बॅटरी उतरली होती, एवढंच.

पंपावर चहाचे पैसे त्याने दिले.
मी साखर चार चमचे घेतली, पाचवाही घेतला.
त्याने रस्त्याबद्दल विचारलं, मी सांगितलं.
त्याच्या बहिणीला मुलगा झाला होता.
भुशाचा विषय निघाला नाही.

जूनमध्ये उराल बाहेर काढली.
लेक साइडकारमध्ये, मांडीवर बादली,
तोंडाभोवती डासांचा ढग.
गुरांच्या कुरणापलीकडच्या चढावर
तिसरा निसटला, नेहमीसारखा.
"मेल्या गाव्रील!"
ती विचारते, "कोण गं हा?"
"एकदा ओढून आणलेला," म्हटलं,
आणि चढ संपेपर्यंत
दुसऱ्यातच राहिले.