कोरी जागा

परसोडीच्या आयटी पार्कात, चौथ्या मजल्यावर
कूलर आमच्यापेक्षा मोठ्यानं बोलत होता.
फळ्यावर एकच चौकोन: बिलिंग.
फोडायचा की नाही?

ढोबळे म्हणाले, फोडा.
माना हलल्या. माझीही हलणारच होती,
पण मार्कर माझ्या हातात होता;
तो मी उमरेकडे सरकवला,
रात्री दोनला जिचा फोन वाजतो.

"काहून फोडता जी?
तुटते ते इथं नाईच."
आणि चौकोनाबाहेर, कोऱ्या जागेत
तिनं एक बारीक रेघ ओढली.

ढोबळे बराच वेळ चष्मा पुसत राहिले.

वहीत मी तारीख घातली, निर्णय लिहिला,
खाली ढोबळेंचं म्हणणंही, न खोडता.
पुढल्या मे महिन्यात कुणी विचारलंच तर.

कूलरमध्ये पाणी कुणी घालायचं
ते मात्र ठरलं नाही.